तपासायच्या आधीचं ‘बरी आहो’

आई, काल मी राजापेठेतल्या एका दवाखान्यात इतकी ओरडले की बाहेरचा वॉचमन आत आला. तुला मुळीच आवडलं नसतं. शेजारच्या काकूंना भाजी निवडता निवडता दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला, म्हणून मी त्यांना ऑटोत घालून नेलं होतं. त्यांनी जबड्याला हात लावला आणि मला तू आठवलीस.

तुझाही जबडाच दुखत होता. अकोल्यात, भर दुपारी, आपण दोघी दवाखान्याच्या बाकावर बसलो आहोत. कूलर नुसता गरम वारा फेकतोय. काउंटरवरची मुलगी म्हणते, "डॉक्टर येतीन, बसा." तिच्या डोक्यावर भिंतीला पाटी आहे, तातडीच्या रुग्णाला लगेच उपचार मिळण्याचा हक्क आहे म्हणून. मी पाटीकडे बोट दाखवत उठते, तर तू माझा हात धरतेस. "कावून गोंधळ करून राहिली? आपल्या आधी किती लोकं बसले, पाह्य ना." आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंस तू. हक्कांचा धडा एका तासात उरकायचीस आणि कर्तव्यांना आठवडा लावायचीस, वर्गातही आणि घरातही.

शेवटी डॉक्टर आला तो नेमका तुझा विद्यार्थी. माझा जीव भांड्यात पडला. त्यानं भरगर्दीत वाकून तुझ्या पायांना हात लावला. "बाई, कशा आहात तुमी?" आणि तू पदरानं घाम पुसून, ताठ बसून म्हणालीस, "बरी आहो रे. पित्त झालं थोडं. त्या आजोबाले पाह्य आधी. अन् किती वाळला तू, वेळेवर जेवत जाय." मी जबड्याचं, छातीत दाटल्याचं सांगायला गेले, तर "हे लहानपणापासूनच घाबरट आहे" म्हणून मोकळी झालीस. तो हसला आणि गेला. बाईंचं बोलणं विद्यार्थी कसं खोटं पाडणार? पण डॉक्टरनं पाडायला हवं होतं. ईसीजी निघेपर्यंत दुपार उलटली होती आणि हृदय निम्मं निकामी झालं होतं.

त्यानंतर तू जगलीस ती खुर्चीत. जिना बंद, शाळा बंद. मी तक्रार करते म्हटलं, तर म्हणालीस, "माह्या विद्यार्थ्यावर? मी मेल्यावर कर." तू गेल्यावर तो घरी आला, पायरीवर बसून रडला. मग माझी तक्रार राहूनच गेली. आता वाटतं, ती त्याच्यासाठी नव्हतीच. आपल्यानंतर त्या बाकावर जे येऊन बसले त्यांच्यासाठी होती. फार वाईट वाटतं.

काल काकूही डॉक्टरांना म्हणाल्या, "बरी आहो जी, त्या लेकराले पाहा आधी." मी खेकसलेच. "गप बसा तुमी! डॉक्टर, यांचं ऐकू नका, आधी ईसीजी काढा." लगेच काढला, झटका वेळेत सापडला. आज त्या खाटेवर बसून जेवल्या. चारचौघांत अपमान केला म्हणून माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांची माफी मागणार आहे.

हे कागद मी घडी घालून तुझ्या साड्यांच्या कपाटात ठेवून देईन. पत्ता असता तरी धाडले नसते. तुझ्या विद्यार्थ्याला मी केव्हाच माफ केलं, आई. तुला अजून नाही केलं.