मधमाश्यांच्या डिंकाचं मलम

इद्रिया, ४ मार्च

चि. येर्नेयास,
तोन्चकामावशीचे अ. उ. आ.

फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय, तेही डाव्या हाताने. उजवा अजून सुजलेला आहे. उकळता जॅम सांडून भाजल्यापासून दोन वर्षं आखडलेली बोटं तुझ्या इस्पितळातल्या लेसरने कुठे मोकळी व्हायला लागली होती! तू म्हणाली होतीस, हा किरण व्रणाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडतो आणि औषध त्यातून थेट आत उतरतं. मी हसून म्हटलं होतं, की हे तर आमच्या लेसच्या नमुन्याला टाचणीने टोचण्यासारखंच झालं. आणि घरी येऊन त्या भोकांवर मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवायला आणतात त्या डिंकाचं घरचं मलम थापलं! आपल्याकडे कापलं-भाजलं की तेच लावतात. हात आपोआप बरणीकडे गेला.

फार लाज वाटते गं. शिकलेल्या भाचीचं नाव मातीत घातलं. हात असा का सुजला याची इस्पितळात चौकशी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचं काही लावू नका असं सांगितलं होतं का. मी म्हटलं, दोनदा बजावलं होतं, म्हातारीनेच ऐकलं नाही. तशी सहीही करून दिली. तेव्हा तू निर्धास्त राहा.

शेजारची लुद्विका म्हणते, यंदाच्या लेस महोत्सवात मी नुसती खुर्ची उबवायला यावं. तिची जीभ तेवढी कधी सुजत नाही.

लोभ उरला असेल तेवढा तरी सांभाळावा.

तुझी,
तोन्चकामावशी


ल्युब्लियाना, २६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.



मी तुला बजावलं नव्हतं. दोनदा सोड, एकदाही नाही. त्या दिवशी तू आणलेला अक्रोडाचा केक खात आपण गप्पा मारत बसलो आणि सांगायचं राहून गेलं. सूचनांच्या कागदावरही ते नव्हतं, आणि तो कागद मीच लिहिला होता. लेसरने केलेल्या वाटेने आमचं औषध जाईल, एवढाच विचार केला. त्याच वाटेने दुसरंही काही आत जाईल आणि बाधेल, हे मला सुचायला हवं होतं.

तू माझ्यासाठी खोटं बोललीस तेव्हा मी दाराशीच उभी होते. मी तोंड उघडलं नाही. तुझ्या सहीमुळे सगळ्यांना वाटलं, चूक म्हातारीची, कागद ठीक आहे. पुढच्या आठवड्यात तोच कागद मी तोलमिनच्या ओझ्बोल्ट नावाच्या गृहस्थांना दिला. त्यांच्या मानेवर भाजल्याचा व्रण आहे. निदान तोंडी तरी सांगायचं होतं. पण आता का सांगतेस असं कोणी विचारेल, या भीतीने गप्प बसले. ते मधमाश्या पाळतात, मावशी. घरी जाऊन त्यांनी तेच मलम लावलं. मान सुजून श्वास कोंडला. वाचले, पण त्यांच्या बायकोसमोर मला मान वर करता आली नाही.

काल आमच्या विभागाच्या प्राध्यापकांपुढे सगळं कबूल केलं. या उपचाराची चाचणी थांबवलीय, मलाही घरी बसवलंय. तुझ्यापुढे कसं यावं ते कळत नाही.

लोभ मागायला आज तोंड नाही.

तुझी,
येर्नेया


इद्रिया, २ एप्रिल

चि. येर्नेयास,
अ. उ. आ., आणि कान धरून दोन शब्द.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग माझाच. तुला वाचवलं म्हणून मी मनातल्या मनात मिरवत होते. माझ्यामागून तोच कागद कोणाच्या हातात जाईल, हे डोक्यातही आलं नाही. लेस विणताना एक पीळ चुकला तर रिळं उलटी फिरवून तिथपर्यंत उसवायचं, आठवड्याचं काम गेलं तरी चालेल. चाळीस वर्षं पोरींना हेच शिकवलं आणि स्वतः चुकीवर सही ठोकून आले.

मंगळवारच्या बसने येतेय. डॉक्टरीणबाईंना खरं सांगून ती सही मागे घेईन. मग तू माझ्याबरोबर तोलमिनला यायचंस. त्यांनी दार उघडलं नाही तर बाहेर पायरीवर बसू, दोघी. लुद्विकाला सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा टोमणा सोडून तिने प्रवासासाठी अक्रोडाचा केक भाजायला घेतला.

हे पत्र उजव्या हाताने लिहिलंय, सकाळ गेली त्यात. सही वाकडी येईल. पण या खेपेला ती खऱ्याखाली आहे.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही घेऊन बसथांब्यावर ये.

तुझी,
तोन्चकामावशी