भिंतीच्या आतली बाग

१८ जानेवारी १९९१, ताइफ

...डिसेंबरातल्या त्या सकाळी चहा ठेवला, त्यांचा खाकी सदरा पिळून वाळत टाकला, चपातीचं पीठ मळायला घेतलं. हे बागेत मेंदीचं कुंपण कापत होते. नेहमीसारखी दोरी ताणून — तुर्कांच्या काळातली बाग, दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणायचे. चहाला हाक मारली. ओ नाही. हौजाजवळ पडले होते, कात्री हातातच.

संध्याकाळच्या आत नेलं. बायकांना कबरस्तानात सोडत नाहीत. ड्रायव्हर जुनैद गेला होता. मी कबर पाहिलेली नाही.

आज पहाटेपासून डोक्यावर विमानं. लढाई लागली.

२० जानेवारी

दापोलीहून उमामाचा फोन. "अम्मी, ये गं आता. तिकडं तुझं कोण आहे?"

कफीलही, म्हणजे ज्याच्या बागेत हे कामाला होते तो मालक, तेच म्हणाला. नवऱ्याचा इकामा, इथं राहायचा परवाना, खलास, विमानात जागा आहे, निघ. तेवढ्यात त्याची आई, हज्जा, काठी टेकत बाहेर आली.

"हिची इद्दत चालू आहे, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घरातच. ती संपेपर्यंत हिला कोणी हलवायचं नाही. आणि बाग भिंतीच्या आत आहे, म्हणजे तेही घरच. तिथे फिरू दे हिला."

कफील आत निघून गेला. अल्लाह हज्जाला उदंड आयुष्य देवो.

२६ जानेवारी

सायरन. हज्जाने आपला गॅसचा मुखवटा माझ्या हातात कोंबला. रबराचा घाण वास. म्हणाली, घाल, इद्दतीत अत्तर वर्ज्य, हे थोडंच अत्तर आहे!

किती दिवसांनी हसले.

११ फेब्रुवारी

येमेनी माळी सगळे आपल्या देशी गेले. गुलाबाची छाटणी राहिली होती. यांची कात्री मीच घेतली. हज्जा खुर्ची टाकून हौजाशी बसते आणि काठीने दाखवते — इथे काप, तिथे नको. मेंदीही कापली. दोरी न ताणता! डावी बाजू साफ वाकडी. हज्जा म्हणाली, बाग तुर्की होती, तू हिंदी करून टाकलीस.

१ मार्च

लढाई थांबली. जुनैदने जुना मराठी पेपर आणला, जाहिरातींसकट वाचला. पुडीच्या कागदांवरून अक्षरं शिकले तेव्हा हे चेष्टा करायचे. मग रोज रात्री माझ्याकडूनच वाचून घ्यायचे.

२९ मार्च

रोजे चालू. गुलाब फुलले. इद्दतीत सुगंध नको, म्हणून वाफ्यांजवळून नाक दाबून गेले. हज्जाने पाहिलंच. म्हणाली, मग काय, श्वास घेणं सोडणार?

उभी राहिले. पोटभर वास घेतला. अल्लाहचा शुक्र आहे.

१७ एप्रिल

काल ईद. आज इद्दत संपली. कफीलने तिकीट दिलं, शुक्रवारचं. एकच मागणं केलं — जाण्याआधी यांची जागा दाखवा. भिंतीबाहेरून का होईना.

जुनैद म्हणाला, "चाची, तिथे कुणाच्याच कबरीवर दगड नाही, नाव नाही. मागून कितीतरी नवीन कबरी झाल्या. आता मलाही ओळखता यायची नाही."

हज्जाला सांगितलं. तिने काठीने हौज दाखवला.

"माझाही नवरा तिथेच आहे. कुठे, ते मलाही माहीत नाही. तो संध्याकाळी या हौजापाशी बसायचा. म्हणून मी इथे बसते."

१८ एप्रिल

तिकीट परत केलं. कफीलला म्हटलं, इकामा माझ्या नावाने काढा. कामापुढे त्याने 'घरकाम' लिहिलं. उमामाला फोन केला. मग यांची दोरी ताणली आणि डावी बाजू सरळ कापायला घेतली.