चाळीस मीटरवरचा खोकला

इंदूर, गुरुवार

तीर्थरूप वासुदेवमामांना,

विनीताचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सातच अंगं टेकली आहेत, आठवं महूला आले की टेकवीन.) प्रकृती कशी आहे? खोकला होता तसाच असेल, अशी आशा करते. कानाचं यंत्र अजून कपाटातच आहे असं मामींकडून कळलं, म्हणून फोन न करता लिहिते आहे. गेल्या फोनवर मी पाऊण तास आईच्या मोतीबिंदूबद्दल बोलले आणि शेवटी तुम्ही माझं अभिनंदन केलंत.

तर ऑफिसातलं सांगते. आम्ही तो किल्ल्याचा गेम करतोय, तुम्हाला दाखवला होता. खेळणाऱ्याने पहारेकऱ्याला चुकवून आत शिरायचं, आणि पहारेकरी कुठे उभा आहे ते त्याच्या खोकल्यावरून ओळखायचं. तो खोकला तुमचा. (महूला तुमच्या पडवीत रेकॉर्ड केलेला. मागे मामींचा कुकर नसता तर अस्सल होळकरी वाटला असता.) जवळ गेलं की आवाज मोठा आणि लांब गेलं की लहान, ही गोष्ट कॉम्प्युटरला आपली आपण कळत नाही, रेष काढून दाखवावी लागते. किती मीटरवर किती आवाज, असे बिंदू ठेवायचे आणि जोडायचे. तिला ऑटोमेशन कर्व्ह म्हणतात. आमच्या गेममध्ये अशा एकशे शहाऐंशी रेषा आहेत आणि त्या सांभाळायचं काम मधुरिमाकडे आहे.

मधुरिमा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. इंदुरात राहून पोह्यांवर शेव घालत नाही, यावरून काय ते समजा. माणसाला कान कशासाठी दिलेत, हे तिला पटलेलं नाही. तिने एक एजंट आणलाय. (विमावाला नव्हे. हा कॉम्प्युटरच्या आत राहतो.) त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, मग तो साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून सगळ्या रेषा वाचतो आणि अहवाल देतो. ज्याने जन्मात कुणाचा खोकला ऐकला नाही तो खोकल्यावर मत देणार! वीस वर्षं हेडफोन लावून मी कान झिजवले ते कशाला? मी त्याला सरळ विचारलं, तुला ऐकू येतं का. म्हणाला, “छान प्रश्न! नाही.” वर निर्लज्जपणे पुढच्या कामाची चौकशी.

गेल्या सोमवारी गेम गिऱ्हाइकाकडे तपासायला गेला आणि घोटाळा झाला. त्यांचा माणूस पहारेकऱ्यापासून जितका लांब पळे, तितका खोकला त्याच्या कानाशी येई. बिचारा सगळा किल्ला धावला, तटावरून खाली पडला, आणि अहवालात लिहून मोकळा झाला की गेममध्ये भूत आहे आणि त्याला दमा आहे. आमचे मालक नीरज (वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळे भिया, म्हणजे भैया, म्हणतात) भडकले. मधुरिमाला या कामावरून काढायचं, असं ठरत आलं. मी दुःखी चेहरा केला आणि म्हटलं, मी तर पहिल्यापासून सांगत होते. (नेमकं कधी सांगितलं ते आठवेना, पण डायरीत तसं लिहून ठेवलं.) नीरजभिया म्हणाले, “विनीताजी, भाषण नको. सबूत पाहिजे. उसी के एजंट से निकलवाओ.”

तिच्याच एजंटाकडून तिची चूक! मी दोन कचोऱ्या मागवून कामाला बसले. कचोरी थंड व्हायच्या आत त्या बहिऱ्याने सगळ्या रेषा वाचल्या. एकशे पंच्याऐंशी लांब जाताना उतरतात, एक चढते. पहारेकऱ्याचा खोकला, चाळीस मीटरवरचा बिंदू. जुन्या प्रती ताडून पाहा म्हटलं, तर उत्तर आलं की हा बिंदू भाऊबीजेच्या दिवशीच्या प्रतीत पहिल्यांदा दिसतो. कोणी हलवला ते मला दिसत नाही, असंही त्याने खाली लिहिलं.

भाऊबीजेला ऑफिस बंद. किल्ल्या दोघींकडेच, तिच्याकडे नि माझ्याकडे. सणाच्या दिवशीही ऑफिसात येऊन बसणारी बाई ती! तारखेसकट पुरावा द्यावा म्हणून मी माझी डायरी काढली.

मामा, भाऊबीजेला तुम्ही आईकडे ओवाळून घ्यायला आला होतात. जेवण झाल्यावर मी तुम्हाला ऑफिसात नेलं होतं. डायरीत माझ्याच अक्षरात आहे: “मामांना स्वतःचा खोकला ऐकवला. ऐकू येईना. गेममध्ये फार लांब उभे होतो. चाळीस मीटरवरचा बिंदू वर ओढला. आला ऐकू! मामा खूश. उद्या आठवणीने खाली करणे.”

‘आठवणीने’ खाली दोन रेघा मारल्या आहेत.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपली,
विनीता

ता. क. खरं काम असं. नीरजभियांच्या नावे दोन ओळी लिहून पाठवा, की त्या दिवशी माउस चुकून तुमच्या हाताने हलला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर कोण ओरडणार? आणि ओरडलं तरी तुम्हाला कुठे ऐकू येतंय?

ता. क. २. वरचं काम रद्द. खोडणार होते, पण मी काय मागितलं होतं ते तुम्हाला कळलेलं बरं. ज्याची मी पानभर टर उडवली त्याने निदान ‘मला दिसत नाही’ असं तरी लिहिलं. मी न पाहताच नाव सांगून बसले होते. दुपारी डायरी नेऊन दोघांच्या पुढे ठेवली. नीरजभियांनी तिथल्या तिथे निकाल दिला. मधुरिमाचं काम तिच्याकडेच राहिलं; रेषांना हात लावायची बंदी मला झाली. तिने ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, “ताई, पण मामांना ऐकू आलं ना?” आता तिच्याबद्दल वाईट लिहायला शेव तेवढी उरली.

ता. क. ३. बिंदू तिने खाली केला. मी हेडफोन लावून चाळीस मीटरवर उभी राहिले. तुम्ही खोकत होतात म्हणे. मला काही म्हणजे काही आलं नाही. फार एकटं वाटतं हो तिथे. यंत्र कपाटातून काढा.