ऐकण्याचं सर्टिफिकेट

४ जानेवारी, शनिवार
डोकं फिरलंय. काल माया म्हणाली, तुम्हाले ऐकू येते, पण तुम्ही ऐकत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर बायको हे म्हणते! ऑफिसात चौतीस वर्षं मी आवक-जावक सांभाळलं, एक कागद नोंदीतून सुटला नाही. आणि मी ऐकत नाही! पुढेही ती काहीतरी सांगत होती, पण तोवर मी बोलायला लागलो होतो.
पेपरात जाहिरात पाहिली. धरमपेठेत प्रौढांसाठी रसग्रहण वर्ग. गाणं, चित्रं, सिनेमा. सहा शनिवार, चार ते सहा. शेवटी सर्टिफिकेट. फ्रेम करून स्वयंपाकघरात लावणार, पोळ्या लाटताना समोर दिसेल असं.

११ जानेवारी, शनिवार
पहिला वर्ग. शिकवायला हिमानी मॅडम, वय फार तर तीस. आमच्याकडे असत्या तर अजून प्रोबेशनवर असत्या. सतार लावली, म्हणाल्या, डोळे मिटून ऐका. मी डोळे मिटून शेजारच्याला सतारीची सगळी माहिती दिली. डोळे उघडले तर मॅडम माझ्याकडेच पाहत होत्या. छाप पडली.
शेजारचे मारोतराव. रिटायर्ड बस ड्रायव्हर. चक्क रडत होते. म्हणे, मले काही समजत नाही गा वसंतराव, पण बरं वाटून राहिलं. मॅडम म्हणाल्या, यालाच रसग्रहण म्हणतात. मग सहा शनिवार कशाला हवेत?

१८ जानेवारी, शनिवार
चित्रं. एकाच चित्रासमोर पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. चित्रात एक रिकामी खाट. मी चाळीस सेकंदांत चूक काढली, खाटेला सावलीच नाही. सगळ्यांना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, काका, अजून चार मिनिटं वीस सेकंद आहेत. काका!!
संकल्प: पुढच्या वेळी चूक लिहून द्यायची, तारखेसह.

२५ जानेवारी, शनिवार
मूकपट. पडद्यावर कोणीच बोलत नव्हतं म्हणून मी बोललो. मागच्या बाई जागा बदलून गेल्या. बेअक्कल.
मायानं विचारलं, कसा झाला क्लास. जेवण संपेपर्यंत सांगितलं. ती म्हणाली, माझंही एक सांगायचं होतं. म्हटलं, आधी शेवट तर ऐक. तर उठून गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली. माझ्या घरात ही रसिकता.

१ फेब्रुवारी, शनिवार
होमवर्क! घरातला एक तास फोनवर रेकॉर्ड करायचा, त्यातली पाच मिनिटं पुढच्या शनिवारी वर्गात ऐकवायची. हेच पाहिजे होतं. कोण बोलतं आणि कोण निमूट ऐकून घेतं, त्याचा पुरावाच होईल.

५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ९.१०
आठ ते नऊ रेकॉर्डिंग झालं. फोन मिक्सरच्या मागे लपवला होता. ऐकून पाहिलेलं नाही. गरज काय? त्यात काय असणार ते मला माहीत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
अपमान.
पंधरा मिनिटं प्रस्तावना केली: आता तुम्ही माझ्या पत्नीची बडबड ऐकाल. मॅडमनी मधूनच कुठूनतरी लावलं. सगळा मीच. पोह्यांत मीठ कमी, पेपर ओला, टाकी कोणी भरली नाही. वर्ग हसायला लागला. सालं या मोबाइलचा माइकच भंगार आहे, फक्त पुरुषांचे आवाज पकडतो!
मग रेकॉर्डिंगमधला मी आंघोळीला गेलो. दार लागलं. आणि माया गुणगुणायला लागली. वर्गाचं हसणं थांबलं. ती अजून गाते हे मला माहीत नव्हतं. मारोतरावांनी रुमाल काढला. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली आणि ओळ अर्ध्यातच थांबली. पुन्हा मी: टॉवेल कुठे आहे?
मारोतराव म्हणाले, बाई काहून थांबल्या गा? मी म्हटलं, मिक्सर लावायचा असेल.
मिक्सर लागलाच नव्हता. राग आला. कोणाचा ते नक्की कळलं नाही.
घरी येताच हॉलमधल्या सुटकेसला अडखळलो. आठवडाभर तिथंच पडली आहे. कोणी उचलत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ६.५०
सर्टिफिकेट मिळालं. मारोतरावांनाही मिळालं, म्हणजे सगळ्यांनाच.
मनीषनगरला घरी पोचलो तर दाराला कुलूप. सुटकेस नाही. डब्यात पोळ्या, बरणीत तीन महिने पुरेल एवढं लोणचं. मायाला फोन केला. मागून गाडीचा आवाज. म्हणाली, आपल्या नूपुरच्या बाळंतपणाले पुण्याले चालली, दीड महिना झाला सांगून राहिली. चिडलो. म्हटलं, कधी सांगितलंस? मी पहिल्यांदाच थांबलो. नुसता गाडीचा आवाज. मग रेंज गेली.

८.१०
रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. अख्खा तास. माइक चांगला आहे.
तेविसाव्या मिनिटाला माया म्हणते, अहो, ऐका नं, पंधरा तारखेले पाचची गाडी आहे माझी. एक दिवस क्लास बुडवाल काय? स्टेशनवर याल काय सोडायले?
त्यावर मी हो म्हणालो आहे. अगदी स्पष्ट.