रॅचेटचा दांडा कापू नका

नाना,

ह्यांच्या रॅचेट पान्याच्या दांड्यावर कापायची खडूची खूण केलेली दिसली. मुलावरचा राग त्या दांड्यावर काढू नका. रॅचेट मी कपाटात ठेवलाय.

टेम्पोच्या स्टार्टरमागे तो लांब दांडा अडतो, हे खरं. म्हणून आखूड, मान वाकणारा नवा आणलाय, टेबलावर आहे. दुकानात दोन होते. मी बारीक दात्यांचा घेतला, हात बोटभर हलला तरी बोल्ट फिरतो. आता तुमची बोटं सोलवटायची नाहीत.

मी ह्यांना आणायला मालेगावला जातेय. आठ महिन्यांनी स्वतःहून ‘येतो’ म्हणालेत, पण तुमच्यासमोर यायला घाबरतात. भाकरी झाकून ठेवलीय, जेवून घ्या. आणि नाना, स्टार्टरचा शेवटचा बोल्ट तेवढा ह्यांच्यासाठी ठेवा.

शुभांगी