प्रकाशन ठरलं, कादंबरी बाकी

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठे लेखक ठेवतात. कादंबरी डोक्यात तयार आहे, तीन पिढ्यांचा पट. फक्त उतरवायचीय. दूध संघात महिनाभर रजा टाकली. काल कट्ट्यावर विजयसिंहनं विचारलं, कुठवर आली? म्हणालो, झालीच.

४ नोव्हेंबर
घात झाला. विजयसिंह आमच्या तालमीचा अध्यक्ष. रातोरात चौकात फ्लेक्स लावला गड्यानं. मी शाल पांघरून, मागं विनाकारण वाघ. 'कादंबरीकार अमरसिंह, प्रकाशन सोहळा, ३० नोव्हेंबर.' खाली शुभेच्छुकांचे बारके गोल फोटो. हॉल बुक, एक निवृत्त प्राचार्यही पाहुणे म्हणून सांगितलेत. आपल्याकडं आधी फ्लेक्स, मग काम, ही पद्धतच आहे. पोटात गोळा आला. भीती नव्हे. कालची भजी असतील.

६ नोव्हेंबर
लॅपटॉप उघडला. पांढरं पान. त्यावर कर्सरची काडी उघडझाप करत बसलेली. बंद केला. बायको वर्षाराणी म्हणाली, काहीही लिहा, पण लिहा. तिला साहित्यातलं काय कळतंय.

संध्याकाळी आईचा हट्ट: कादंबरी वाचून दाखव. तिला मोतीबिंदू, दिसतं अंधुक. लॅपटॉप मांडीवर उघडा ठेवला. चालू करायचं धाडस झालं नाही. दिली थाप ठोकून: राधानगरीच्या चिमणाबाईची म्हैस दावं तोडून कोकणाकडं निघाली, चिमणाबाई तिच्या मागं. आई खुदुखुदू हसली. माझा लिहायचा वेळ गेला.

१० नोव्हेंबर
चौकातून जाणं बंद. मागच्या बोळातून जातो. तिथंही पानवाला म्हणाला, लेखक, पहिली कॉपी आम्हाला. घाम फुटला. बी.पी. तपासून घ्यावं.
आईला पुन्हा म्हैस. आज ती एसटीच्या पुढं आडवी बसली, कंडक्टर खाली उतरून तिची समजूत घालतोय. काहीच्या बाही.

१४ नोव्हेंबर
एकांतासाठी गगनबावडा. लॉजच्या खिडकीबाहेर धुकं. आत पान पांढरं, बाहेर जग पांढरं. घाबरून, म्हणजे थंडी वाजून, दुपारच्या गाडीनं परत. आई वाट बघतच होती, म्हैस कुठं पोचली म्हणून. गगनबावड्यात आणून बांधली.

२१ नोव्हेंबर
प्रगती. कव्हर झालं. अर्पणपत्रिका झाली. मनोगतात कुणाकुणाचे आभार तेही ठरलं. उद्यापासून मजकूर, नक्की.

२५ नोव्हेंबर
प्रेसवाल्याचा फोन, फाईल पाठवा. फोन बंद केला.
मग मार्ग सुचला. प्रकाशनात पुस्तक चकचकीत कागदात असतं. रिबन ओढायची, पुस्तक वर धरायचं, फोटो, अल्पोपाहार. वाचतंय कोण? कव्हरात कोरी पानं बांधून घेतो. विजयसिंहला म्हणायचं, सध्या एकच प्रत आलीय. प्लॅन पक्का.

२९ नोव्हेंबर
खरं लिहू का? भीती वाटतेय, फार. लोक हसतील याची नाही. आईनं नवं लुगडं काढून ठेवलंय, पहिल्या रांगेत बसणार म्हणते.

३० नोव्हेंबर
रिबन ओढली. टाळ्या. फोटो. सुटलो म्हणतोय तोवर प्राचार्य म्हणाले, लेखकानं पहिलं पान वाचून दाखवावं.

उभा राहिलो. कोरं पान. विजयसिंह खुणा करतोय, वाच की. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. त्याचा घसा बसलाय, मीच सांगते म्हणाली, आणि चिमणाबाईपासून सुरू झाली. एसटी, कंडक्टर, सगळं जसंच्या तसं. लोक पोट धरून हसले. धुक्यात चिमणाबाई म्हशीच्या गळ्यात पडून रडते तिथं प्राचार्यांनी चष्मा पुसला.

येताना रिक्षात विचारलं, पानं कोरी आहेत हे तुला कसं कळलं?
आई म्हणाली, "येक दिस तरी त्यो लॅपटॉप चालू केलास का रं? तुझ्या तोंडावर उजेडच पडायचा न्हाय. पर म्हस झ्याक हुती की."

१ डिसेंबर
चौकात नवा फ्लेक्स. आई, नव्या लुगड्यात, मागं तोच वाघ. 'कथाकार शालूबाई.' मी खाली शुभेच्छुकांत, उजवीकडून दुसरा. फोटो बरा आलाय.

हरकत नाही. आता कळलं, कादंबरी तीच होती. लिहूनच काढतो.
संध्याकाळी आई म्हणाली, आता पुढचं सांग, पेठेतली माणसं विचारायला लागलीत. सांगायला बसलो. बराच वेळ बसलो.
म्हैस जागची हलेना.