शकूला ट्रेसर करण्याचा बेत

३ जानेवारी १९६१, महाड
धाकटी बहीण शकू काल गावाहून, कुडपणहून, माझ्या खोलीवर आली. वय एकोणीस. जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलत नाही. मुंबईच्या एका मूकबधिर शाळेचं उत्तर : सोळाच्या पुढे प्रवेश नाही. शिवणवर्गाचं : चौथी पास हवी. ती शाळेतच गेलेली नाही. हरकत नाही. मी बांधकाम खात्याच्या ऑफिसात डिप्लोमा झालेली ट्रेसर आहे, नकाशे शाईने पारदर्शक कापडावर उतरवते. ट्रेसिंगला कान लागत नाहीत. मीच शिकवीन. नव्वद दिवस पुरेत.

११ जानेवारी
पद्धत बसली. ऑफिसातल्या रद्दी ट्रेसिंग कापडावर सराव. पुरा झाला की मी तपासते, मग ती कापड उकळून धुते. खळ आणि शाई जाऊन तलम रुमाल होतो. ऑफिसात सगळेच करतात. तिची रेघ माझ्याहून सरळ येते. निब नवीन आहे.

२९ जानेवारी
आई आली होती. म्हणाली, "रेघा मारून प्वाट भरतं काय गो? वरंधचा बिजवर तयार हाय. म्हन्तो, बोलत नाय त्येच बरं." होळीपर्यंत मुदत मागितली. नव्वदचे अठ्ठावन्न दिवस केले. विषय तेच, वेग वाढवला.

२२ फेब्रुवारी
शकूला कामावर घ्याल का, असं ऑफिसातल्या हेड ड्राफ्ट्समन मुरारीरावांना विचारलं. हसले. "बाई, तिला ऐकू येत नाही, मग साहेबांच्या शिव्या वाया जायच्या की!" तरी पुलाचं एक ड्रॉइंग आणि कोरं ट्रेसिंग कापड दिलं. सोमवारी ट्रेसिंग द्यायचं. पसंत पडलं तर हंगामी नोकरी. म्हणजे नोकरी लागलीच.

२६ फेब्रुवारी, रात्री ८
ट्रेसिंग पुरं. तपासलं. एकही चूक नाही.

२७ फेब्रुवारी, सकाळी ७
मी अंघोळीला गेले तेवढ्यात शकूने ते उकळून धुतलं. दोरीवर पांढरं स्वच्छ वाळत आहे. शिकवण्यात दोष नाही. तपासलेलं कापड धुवायचं, हे तिला नीट कळलं होतं.

सायंकाळी ६
मुरारीराव म्हणाले, "दुसरं कापड देतो कुठला? पुण्याहून येतं ते." मी आग्रह केला नाही.

२ मार्च, होळी
आई न्यायला आली. लग्न पाडव्यानंतर. दुसऱ्या संस्थांना लिहायला मला थोडा वेळ हवा, एवढंच. किती दिवस, असं शकूने बोटांनी विचारलं. मी दहा बोटं दाखवली. तिने गाठोडं सोडलं, दोन लुगडी काढून परत खुंटीवर टांगली, आणि आईच्या पुढे निघाली.